तिसऱ्या तासाचं पाणी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुपारची खिचडी ढवळत होतो. ते म्हणाले, "गुरुजी, सगळा जन्म बनारसच्या शाळेत काढलात. दिवाळीसाठी काही गमतीजमती लिहा. आपल्याकडच्या वाचकांना वेगळं वाटेल." मी लगेच हो म्हटलं. मराठीत बोलायला कुणी मिळालं की मी कशालाही हो म्हणतो. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत एके काळी सकाळी दारादारांतून मराठी ऐकू यायची. आता मी मराठी देवापुढे बोलतो आणि रविवारी मुलाशी फोनवर. देव जरा जास्त वेळ ऐकतो.

गमतीजमती शोधायला म्हणून ट्रंक उघडली. माझी बायको कुमुद गेल्यावर, म्हणजे सहा वर्षांत, ती उघडली नव्हती. आत माझ्या वर्गवह्या निघाल्या. त्यांतल्या एका वहीपाशी मी थांबलो, आणि संपादकांना कबूल केलेला लेख तिथेच बारगळला. गमती सांगतो, पण थोड्याच. बाकीचं जे आहे ते आता कुणाला तरी सांगायलाच हवं. वय चौऱ्याऐंशी आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. आमची शाळा सरकारी, प्राथमिक, हिंदी माध्यमाची. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतली. जो मास्तर पहिलीचा वर्ग घेई, तोच त्या वर्गाबरोबर पाचवीपर्यंत वर चढे. म्हणजे मूल हातात यायचं तेव्हा त्याला नाक पुसता येत नसे, आणि जायचं तेव्हा त्याला व्याज काढता येत असे. निदान यावं अशी अपेक्षा असे. जुलैत शाळा उघडली की पहिलं काम प्रवेशाचं रजिस्टर भरण्याचं. मुलाचं नाव, बापाचं नाव, बापाचा धंदा, पालकांचं शिक्षण. या शेवटच्या दोन रकान्यांवर माझा फार जीव होता; पोर कुठवर जाईल याची ती माझी पहिली खूण.

दुसरी खूण बोरूची. तेव्हा पोरं लाकडी तख्तीवर लिहीत. तख्ती काजळीनं काळी करायची, काचेच्या बाटलीनं घोटून चकचकीत करायची, आणि खडूच्या पाण्यात बोरू बुडवून त्यावर अक्षर काढायचं. सगळं अक्षर बोरूच्या टोकात असतं. टोकाला तिरका काप हवा, फार तिरका नाही, फार सरळही नाही. लिहित्या माणसाच्या हातालाच तो काप जमतो. मी पहिल्याच दिवशी पोरांना बोरू वर धरायला सांगे आणि रांगेतून एक फेरी मारे. कुणाचं टोक नेमकं तिरकं, कुणाचं बोथट, कुणाचं दातांनी चावून काढलेलं. फेरी संपेपर्यंत मला घरंच्या घरं दिसलेली असत.

मग मी वहीत प्रत्येक नावापुढे ठिपका देई. माझ्याकडे दोन टोकांची पेन्सिल असे, एक टोक लाल, एक निळं. निळा म्हणजे पुढे जाईल. लाल म्हणजे पाचवीच्या आत गळेल, किंवा रडतखडत निघेल. पाच वर्षांनी वही काढून ताडून बघायचो. बहुतेक ठिपके खरे ठरत. शिक्षकांच्या खोलीत माझी ही वही प्रसिद्ध होती. इन्स्पेक्टर आले की मुख्याध्यापक त्यांना कौतुकानं दाखवत, "हे आमचे ज्योतिषी." मी वरवर लाजायचो.

चुकायचोही. एका वेदमूर्तींचा नातू आला होता. आजोबा दशग्रंथी, घरात पाच पिढ्यांचं पाठांतर. मी निळा ठिपका दिला, जरा ठसठशीतच. पोराला रुद्र तोंडपाठ, पण सतरानंतर काय येतं विचारलं तर तो डोळे मिटून पुन्हा एकपासून सुरू करी. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "मास्तर, त्याला मध्येच तोडू नका, क्रम बिघडतो." पाचवीपर्यंत त्याला कुठलीही संख्या सांगायला एकपासून यावं लागे. आणखी एक रेल्वेतले बाबू होते, नागपूरकडचे, बदलीवर आलेले. मुलाचा गृहपाठ स्वतः करून देत. एकदा गणिताच्या वहीत उत्तराखाली त्यांनी सवयीनं लिहिलं होतं, "योग्य कार्यवाहीस्तव सादर." मी त्याखाली "पाहिले" असं लिहून सही केली.

गमती संपल्या.

ट्रंकेतून निघालेल्या त्या वहीत माझ्या मुलाचं, श्रीकांतचं नाव आहे. तो माझ्याच वर्गात होता. नावापुढे निळा ठिपका. त्याच्याखाली दोन ओळींवर सुनैना हे नाव, आणि पुढे लाल ठिपका. बापाचा धंदा, पाणी भरणे. शिक्षण, दोघेही निरक्षर.

सुनैना कहारांची. आमच्याकडे कहार म्हणजे पाणी वाहणारे, डोली वाहणारे. ब्राह्मणांच्या घरात त्यांच्या हातचं पाणी चाले. त्यामुळे दूधविनायकापासून घाटापर्यंतच्या मराठी घरांत सोवळ्याचं, पूजेचं गंगाजल तेच भरत. तिचा बाप लवकर गेला. आई, रामदेई, रोज पहाटे घाटाच्या पायऱ्या चढून सात-आठ घरी हंडे पोचवी. त्यांतलं एक घर आमचं. स्वैपाकघराच्या दाराशी दगडी कट्टा आहे, त्यावर ती हंडा उतरवायची, पदरानं मान पुसायची आणि मला विचारायची, "आज क्या पढ़ाओगे, मास्साब?"

मी दाढी करत असायचो. म्हणायचो, "तुम्हें क्या करना है? तुम भी स्कूल आओगी?"

"हम आ जाएँगे तो आपका पानी कौन भरेगा?"

कुमुद आतून हसायची. मग मी सांगायचो, आज भागाकार, आज नद्यांची नावं. ती मान हलवायची आणि जायची. मला वाटे, बाईला बोलायची हौस आहे.

पहिल्या दिवशी बोरूंची फेरी मारताना सुनैनाच्या हातातला बोरू बघून मी थबकलो होतो. काप नेमका होता. श्रीकांतचा बोरू मी स्वतः कापलेला, आणि हिचा तसाच. मी विचारलं, "किसने बनाया?" ती म्हणाली, "अम्मा ने. पहसुल से." पहसुल म्हणजे आपली विळी. वर्ग हसला. मीही हसलो. म्हटलं, कुणाचा तरी मागून आणला असेल. रजिस्टरात निरक्षर लिहिलेलं, म्हणजे बोरू कापणारा दुसरा कुणीतरी असणार. लाल ठिपका दिला आणि पुढे गेलो.

आता ते तिसऱ्या तासाचं. शाळेत नळ नव्हता. शिक्षकांच्या खोलीतला माठ गल्लीच्या टोकाच्या हातपंपावरून भरून आणावा लागे. शिपाई एकच, तोही बहुतेक मुख्याध्यापकांच्या घरी. म्हणून तिसरीत आल्यापासून मी सुनैनाला पाठवू लागलो. तिच्या हातचं पाणी सगळ्या शिक्षकांना चालत होतं, आणि घागर कमरेवर कशी धरायची हे तिला शिकवावं लागत नव्हतं. तेव्हा हे मला इतकं साधं वाटलं की मी त्यावर कधी विचारच केला नाही. पंपावर रांग असे. जाऊन यायला तासाचा मोठा भाग जाई. तिसरा तास गणिताचा होता.

दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर त्याचं गणित बुडलं असतं. लाल ठिपक्याचं काय बुडणार?

ती परत यायची तेव्हा धापा टाकत असे. माठात पाणी ओतून, ओल्या हातानं तख्ती उचलून, फळ्यावरचं शेवटचं उरलेलं उतरवून घ्यायची. कधीकधी मी ते पुसून टाकलेलं असे. मग ती शेजारणीच्या तख्तीत डोकावायची, आणि मी ओरडायचो, "इधर-उधर मत देखो!"

चौथीच्या सहामाहीत मी हौदाचं गणित घातलं. एक तोटी भरते, एक गळते, हौद किती वेळात भरेल. सबंध वर्गाला येईना. श्रीकांतनं तर दोन्ही तोट्यांची बेरीज केली. एकट्या सुनैनाचं उत्तर बरोबर होतं. पण रीत नव्हती. नुसत्या उभ्या रेघा, काही खोडलेल्या, आणि खाली उत्तर. मी शून्य दिलं आणि तिला उभं केलं.

"किसकी नकल की?"

 ती तासभर उभी राहिली. पाण्याच्या वेळी मी तिला बसवलं नाही, पाण्याला पाठवलं.

घरी ही गोष्ट मी जेवताना सांगितली. कुमुद मॅट्रिक झालेली, ग्वाल्हेरची. वाढता वाढता थांबली.

"अहो, वर्गात दुसऱ्या कुणालाच आलं नाही ना ते?"

"नाही."

"मग तिनं नक्कल केली कुणाची?"

"असेल कुणाची तरी."

"कुणाची तरी म्हणजे तुमची?" असं म्हणून तिनं श्रीकांतच्या पानात आमटी वाढली. श्रीकांत ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, त्या रेघा म्हणजे हंडे होते. ती मला म्हणाली. एवढे येतात, एवढे गळतात, असं मोजलं तिनं."

मी म्हटलं, "जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामदेईनं कट्ट्यावर हंडा ठेवला. मान पुसली. तिला कळलेलं दिसत होतं, पण आवाजात राग नव्हता. गंमतीच्याच सुरात म्हणाली, "मास्साब, नकल करने को घर में कोई पढ़ा-लिखा भी तो चाहिए. हमारे यहाँ तो बस हम हैं."

मी म्हटलं, "वही तो मैं कहता हूँ."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग नेहमीसारखं विचारलं, "आज क्या पढ़ाओगे?"

पाचवीच्या अखेरीला जिल्ह्याची एक परीक्षा होत असे. पास होणाऱ्या मुलाला पुढे दहावीपर्यंत चांगल्या शाळेत जागा, वसतिगृह, पुस्तकं. प्रत्येक शाळेनं एकच नाव पाठवायचं. ते नाव वर्गशिक्षक सुचवी. त्या वर्षी वर्गात सुनैना पहिली आली. कशी आली हे मला तेव्हा कळलं नाही. श्रीकांत दुसरा होता.

मुख्याध्यापक भले माणूस. म्हणाले, "पंडितजी, आपका ही लड़का है, मुझे कोई एतराज नहीं. पर पहला नंबर छोड़ रहे हैं, तो कारण लिखकर दे दीजिए."

मी घरी कागद आणला. कारण लिहायला फार वेळ लागला नाही. रजिस्टरात ते पाच वर्षं तयारच होतं. मी लिहिलं, "अभिभावक निरक्षर. घर का वातावरण पढ़ाई के अनुकूल नहीं. आगे चलने की संभावना कम." अभिभावक म्हणजे पालक. लिहिताना मी खोटं लिहितोय असं मला वाटलं नाही, हे इथे नोंदवायला हवं. मला ते शास्त्र वाटत होतं. आजही मी म्हणत नाही की घरानं काही फरक पडत नाही. पडतो. घरात वर्तमानपत्र येतं की नाही, अडलं तर विचारायला कुणी आहे की नाही, "उद्या शाळा आहे, झोप" असं म्हणणारं कुणी आहे की नाही, यानं पोराचं फार काही ठरतं. ते मी रोज बघत होतो. फक्त, ज्याला घरी मिळत नव्हतं त्याच्याच वाट्याचं मी शाळेतही काढून घेत होतो, आणि मग वही उघडून माझा ठिपका कसा बरोबर आला ते लोकांना दाखवत होतो. हे बघायला मला निवृत्तीनंतरचीही बरीच वर्षं लागली.

मी श्रीकांतला परीक्षेला घेऊन गेलो. येताना आम्ही रिक्षात होतो. मैदागिनच्या चौकापाशी आल्यावर तो म्हणाला, "हौदाचं होतं एक. सुनैनाला आलं असतं."

त्याला जागा मिळाली नाही. त्या वर्षी आमच्या शाळेला काहीच मिळालं नाही.

उन्हाळ्याच्या सुटीआधी टी.सी. लिहायचं काम असे. शाळा सोडण्याचे दाखले. रजिस्टरात मुलाच्या ओळीच्या शेवटी एक शेऱ्याचा रकाना असतो, त्यात जे लिहायचं तेच दाखल्यावर उतरवायचं. सुनैनाच्या ओळीपाशी आलो तेव्हा हाताला ते वाक्य सवयीचं झालेलं होतं. मी पुन्हा तेच लिहिलं. त्याच्या शेजारी एक रकाना असतो, दाखला मिळाल्याबद्दल पालकाची सही किंवा अंगठा. तो पालक आला की भरून घ्यायचा. दाखले वाटायच्या वेळी मी रजेवर होतो, श्रीकांतला घेऊन ग्वाल्हेरला, त्याच्या मामाकडे. त्यामुळे ते काम मुख्याध्यापकांनी केलं. पुढे ते रजिस्टर भरलं, कपाटात गेलं. मी ते पुन्हा उघडून बघितलं नाही.

यंदा बघितलं. वहीतला तो लाल ठिपका दिसल्यावर चार दिवस झोप धड लागली नाही. रविवारी श्रीकांतचा फोन आला. तो बेंगळुरूला असतो, आता तोही निवृत्त झालाय. तब्येत, औषधं, ऊन किती, एवढं झालं की आमचं संपतं. मी म्हटलं, "तुला सुनैना आठवते?"

तिकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. 

"पहिला नंबर होता ना तिचा," तो म्हणाला.

"हो."

"सोडा ना बाबा आता. इतकी वर्षं झाली." आणि मग, "ती परीक्षा मला द्यायचीच नव्हती. आईला सांगितलं होतं मी. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती."

कुमुदनं मला हे कधी सांगितलं नाही. आता विचारणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. जिने चढायला त्रास होतो, पण गेलो. हल्लीच्या मुख्याध्यापिका तरुण आहेत, वागायला फार चांगल्या. चहा मागवला. मी म्हटलं, एका विद्यार्थिनीबद्दलचा माझा शेरा चुकीचा आहे, तो मला दुरुस्त करायचाय. त्यांनी कपाट उघडलं. धूळ झटकून त्या जुन्या वर्षाचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. मीच पानं उलटली. श्रीकांतची ओळ. दोन ओळी खाली सुनैना. शेऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर, चांगलं वळणदार. "अभिभावक निरक्षर."

आणि शेजारच्या रकान्यात सही होती. अंगठा नाही.

रामदेई. चार अक्षरं, एकेक जोखून काढलेली, रकान्याच्या बाहेर जाऊ नयेत म्हणून शेवटी दाटीवाटीची. वरची रेघ ओढायला विसरलेली, मग मागाहून ओढलेली. इतकी वर्षं ते दोन रकाने एकमेकांना चिकटून होते.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "गुरुजी, पुराना लिखा काट नहीं सकते. नियम नहीं है. किनारे पर टिप्पणी लिख दीजिए, तारीख डालकर." त्यांनी पेन दिलं. मी समासात लिहिलं की वरील शेरा चुकीचा आहे, पालक साक्षर होत्या, पुरावा शेजारी आहे. सही केली.  रामदेईची सही माझ्यापेक्षा सरळ होती.

"इससे अब किसका भला होगा?" त्यांनी विचारलं. चेष्टेनं नाही, मनापासून विचारलं.  मी त्या ओळीची नक्कल एका कागदावर उतरवून घेतली आणि खिशात ठेवली.

सुनैना कुठे असते ते शोधावं लागणार नव्हतं. संकठा घाटावर देवीच्या देवळाकडे जाताना डावीकडे फुलांच्या माळांचं दुकान आहे, ते तिचं आणि तिच्या सुनेचं. कितीतरी वर्षं मी त्या वाटेनं जातो. ती दिसली की बसल्या जागेवरून हात जोडते, "पाँय लागी, मास्साब." मी हात वर करतो आणि चालायचा वेग वाढवतो. या वेळी थांबलो. तिला इतकं नवल वाटलं की तिनं माळ अर्धी टाकून फळी पुसून दिली.

"बैठिए. पानी पिएँगे?"

"नहीं," मी म्हटलं. जरा जास्तच घाईनं म्हटलं असावं.

इकडचं तिकडचं झालं. सून आत गेली. मग मी विचारलं, "सुनैना, तुम्हारी अम्मा को पढ़ना आता था?"

ती हसली. "आता क्या था, हमसे सीखती थी. शाम को रोटी सेंकते-सेंकते पूछती थी, बता, आज क्या-क्या पढ़ाया. सुबह आपसे पूछके आती थी ना. जो आपने बताया और हम न बता पाएँ, उस पर चपत."

 रोज सकाळी दाढी करताना मी जे सांगत होतो, त्यावर संध्याकाळी परीक्षा होत होती. पाण्याला गेल्यामुळे बुडलेलं गणित मग सुनैना घरी जाताना वाटेत कुणाकुणाकडून विचारून घेई, हेही तिनंच सांगितलं. तशीच ती पहिली आली होती.

"और वो कलम?" मी विचारलं. "बोरू... पहले दिन वाली?"

"आप भैया की कलम छील रहे थे, अम्मा हंडा लिए खड़ी देख रही थी. घर आके वैसी ही बना दी. दस बिगाड़ी, तब एक बनी."

"अम्मा को मालूम था, कि मैं तुम्हें पानी लेने भेजता हूँ?"

तिनं माळेतलं एक फूल काढून टाकलं, किडकं होतं. "नहीं. हमने छिपाया. हमें तो अच्छा लगता था, सब बैठे रहते, हम घूम आते. पर अम्मा कहती थी, जो जी चाहे करना बिटिया, पानी मत भरना. सुनती तो मार डालती." पुन्हा हसली. "आपको नहीं, हमको."

पुढच्या शाळेत काय झालं ते तिनं सहज सांगितलं. दाखले बघून मुलींच्या तुकड्या पाडल्या. तिला गणित मिळालं नाही, गृहविज्ञान मिळालं. भरतकाम, लोणची. आठवीनंतर लग्न. तक्रार नव्हती त्यात. कुणाचा पाऊस कुठे पडला हे सांगावं तसं सांगत होती.

"टी.सी. अम्मा ही लाई थी," ती म्हणाली. "दो दिन अपने पास रखी. उँगली रख-रखके पढ़ती रही. हमने पूछा, अम्मा, मास्साब ने क्या लिखा है? बोली, लिखा है, लड़की अच्छी है." मग हात थांबवून तिनं माझ्याकडे बघितलं. "यही लिखा था ना, मास्साब?"

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. रामदेईनं ते माझ्यासाठी तयारच करून ठेवलं होतं. संकठाच्या घंटा वाजत होत्या, गिऱ्हाईक येऊ लागलं होतं, उठायला निमित्त होतं.

"नहीं," मी म्हटलं आणि खिशातला कागद काढून तिच्यापुढे धरला.

तिनं हातात घेतला नाही. हात फुलांच्या पाण्यानं ओले होते. "आप पढ़िए," म्हणाली.

मी वाचला. माझं वाक्य, माझ्या तोंडानं, तिच्यासमोर. मग परीक्षेचंही सांगितलं, श्रीकांतचंही, ठिपक्याचंही. काही राखलं नाही. ती सबंध वेळ माळ ओवत होती. माझं संपल्यावरही दोन फुलं ओवली. मग दोरा तोडला.

"अम्मा ने ये पढ़ लिया था," ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच म्हणाली. थोड्या वेळानं माझ्याकडे वळली. "फिर भी आपके यहाँ पानी भरती रही?"

एक गिऱ्हाईक आलं, त्याला चुनरी आणि दोन माळा हव्या होत्या. ती उठली. मी बराच वेळ फळीवर बसून होतो. आणखी गिऱ्हाईक आलं. मग मीच उठलो. तिनं हात जोडले नाहीत. पण मी दोन पायऱ्या चढलो तेव्हा मागून म्हणाली, "सँभल के मास्साब, सीढ़ी गीली है."

घरी आलो. हे सगळं मी आता मराठीत लिहितोय, जे तिला वाचता येणार नाही. म्हणून तिला आधी सांगून आलो, एवढं तरी बरं झालं. कट्टा अजून स्वैपाकघराच्या दाराशी आहे. त्यावर हल्ली गॅसचं पुस्तक आणि औषधांची पिशवी असते. नळ आल्याला खूप वर्षं झाली.

सुनैनानं विचारलं त्याचं उत्तर मला ठाऊक नाही. पण विचारल्यापासून एक गोष्ट आठवतेय, जी तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आली नव्हती. त्या उन्हाळ्यात मी ग्वाल्हेरहून परत आलो, शाळा सुरू झाली, नवी पहिली माझ्याकडे आली. रामदेई रोज यायची. कट्ट्यावर हंडा उतरवायची, मान पुसायची, कुमुदशी चार शब्द बोलायची आणि जायची. गुडघे धरेपर्यंत, आणखी अकरा वर्षं. आज काय शिकवणार, असं तिनं मला पुन्हा एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, पोरगी शाळेतून गेली, आता कशाला विचारेल. मी दाढी करत राहिलो.